‘गावाला करोडो येतात, घरपट्टी भरू नका’ : या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शिमग्यालाही फिरतो. मुंबईच्या मंडळाकडून गावात येतो, गावातून शेजारच्या गावात जातो, आणि ज्याला त्याला वाटतं की हे आपल्याच ग्रामपंचायतीबद्दल लिहिलंय. मजकूर थोडक्यात असा: “तुमच्या गावाला दरवर्षी करोडो रुपये येतात. सरपंच आणि ग्रामसेवक वाटून घेतात. सरपंचाने मनात आणलं तर एका वर्षात गावाचा कायापालट होईल. ग्रामसभा नुसती सह्यांपुरती. तेव्हा घरपट्टी भरू नका. मुंबईकरांनी तर मुळीच नको, त्यांना गावात विचारतो कोण?”

राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका लहान ग्रामपंचायतीत मी एक टर्म सदस्य होते. या मेसेजमागचा राग मला कळतो. मे महिन्यात पऱ्यातल्या (ओढ्यातल्या) डबक्यावर हंडा घेऊन थांबणाऱ्या बाईला राग यायलाच हवा. पण शेवटी जो सल्ला दिलाय, त्याने नुकसान तिचंच होणार आहे. म्हणून हे लिहिते आहे.

“दरवर्षी करोडो येतात.”

हिशेबच करू. ग्रामपंचायतीच्या हातात थेट येणारा मोठा पैसा केंद्राच्या वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ साठी महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना ४,३०७ कोटींची शिफारस केली होती. त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना, आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला. २०११च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख होती. भागाकार केला की माणशी वर्षाला साधारण ५६० रुपये पडतात. बाराशे वस्तीच्या गावाला पावणेसात लाखांच्या आसपास, तेही सगळे हप्ते वेळेवर आले तर.

हे पावणेसात लाखही मोकळे नव्हते. १५व्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. राहिलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार किंवा कार्यालयाचा खर्च भागवायला मनाई होती. म्हणजे गावाने स्वतः ठरवून काही करावं अशी रक्कम पावणेतीन लाखांच्या आतच. त्यात एका वाडीची पाखाडी (दगडी पायवाट) होते, नाहीतर दुसऱ्या वाडीची संरक्षक भिंत. दोन्ही होत नाहीत, आणि मग ज्या वाडीचं राहिलं तिथे मेसेज जास्त जोरात फिरतो.

वाटप मुख्यतः लोकसंख्येवर होतं, आणि कोकणाचं खरं दुखणं इथे आहे. जनगणनेत जो मुंबईत मोजला गेला, तो निधीपुरता मुंबईचा झाला. त्याचं घर मात्र गावात आहे आणि त्या घरापर्यंत पाइप, दिव्याचा खांब, पाखाडी सगळं न्यायचं आहे. घाटावरच्या दाट गावठाणात एका टाकीवर सगळं गाव भागतं. आमच्याकडे एक वाडी सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर), एक खाडीकाठी, एक पऱ्याच्या पलीकडे. प्रत्येकीची विहीर वेगळी, पंप वेगळा, वीजबिल वेगळं. पावसाळ्यात एवढा पाऊस कोसळतो, पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं आणि मार्चपासून विहिरींचा तळ दिसू लागतो. खाडीलगतच्या विहिरी तर खाऱ्या होतात. पैसा डोकी मोजून येतो आणि खर्च अंतर मोजून होतो.

मग करोडोचा आकडा येतो कुठून? गावातल्या सगळ्या कामांच्या फलकांची बेरीज करून. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. जलजीवनच्या (घरोघरी नळाच्या) बहुतेक योजनांची निविदा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निघते. जेटी मेरीटाइम बोर्डाची, धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभागाचा. आमदार-खासदारांच्या निधीतली कामं जिल्हाधिकारी कार्यालयातून मंजूर होतात. घरकुलाचे हप्ते थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात पडतात. यातलं बहुतेक ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत येतच नाही. ही कामं खराब झाली तर जाब विचारायलाच हवा, पण ज्याने काम काढलं त्याला. बंधारा वाहून गेला म्हणून सरपंचाच्या घरावर गेलात, तर ठेकेदार आणि खातं दोघेही सुटले.

मेसेजबरोबर ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलचा स्क्रीनशॉटही येतो. तो नीट बघा. बऱ्याचदा त्यातला आकडा विकास आराखड्यातला असतो, म्हणजे गावाने काय काय करायचं ठरवलं त्याची बेरीज. जमा किती झाले आणि खर्च किती पडले, हे त्याच पोर्टलवर वेगळं दिसतं.

“सरपंच आणि ग्रामसेवक वाटून घेतात.”

कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही. होतं. पण मेसेज म्हणतो तसं पैसे खिशात घालून नेता येत नाहीत, आणि चोरी कुठल्या वाटेने होते हे माहीत नसेल तर ती पकडताही येत नाही.

महिन्याची सभा कशी चालते ते सांगते. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. मग महिन्याचा जमाखर्च. मग आलेले अर्ज: नमुना ८ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीला) वारसांची नावं लावणं, ना-हरकत दाखला, बंद पडलेल्या दिव्याची तक्रार. मग खर्चाला मंजुरी: पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पंपाचं बिल, शिपायाचा पगार. शेवटी आयत्या वेळचे विषय, आणि भांडणं बहुतेक तिथेच. सदस्यांच्या मंजुरीशिवाय सरपंचाला खर्च करता येत नाही. वित्त आयोगाचा पैसा तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्यांशिवाय खात्यातून हलत नाही. (ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोणी तसं म्हणत नाही.) वर दरवर्षी स्थानिक निधी लेखापरीक्षण असतं.

तरीही गैरव्यवहार होतो तो असा. जुन्याच गटारावर सिमेंटचा हात फिरवून ते नवं दाखवतात. एकच पाखाडी दोन योजनांमध्ये टाकतात. इतिवृत्ताच्या वहीत खाली जागा सोडून सदस्यांच्या सह्या घेतात आणि ठराव नंतर लिहितात. बाई सदस्य असेल तर वही घरी पाठवतात आणि नवरा म्हणतो, कर गो सही. पन्नास टक्के आरक्षणाने आम्ही खुर्चीवर आलो, पण वही वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय आमची आम्हालाच लावून घ्यावी लागली.

त्यामुळे संशय असेल तर “सगळे चोर” असं लिहून ग्रुपवर टाकण्यापेक्षा त्या एका कामाचे कागद मागा: ठरावाची नक्कल, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलाचं व्हाउचर. माहितीच्या अधिकारात अर्जाला दहा रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी घेऊन टेप लावून पाखाडी मोजा. गैरवर्तन सिद्ध झालं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९खाली सरपंचाला पदावरून काढता येतं. मेसेज पुढे ढकलून आजवर कुठलाही सरपंच पायउतार झालेला नाही.

मानधनाबद्दलही काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचं एका वाक्यात सांगते. २०२४मध्ये दुप्पट केल्यावरसुद्धा दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिना सहा हजार मिळतात.

“सरपंचाने मनात आणलं तर एका वर्षात कायापालट.”

आमच्या एका वाडीला पाखाडी मंजूर झाली होती. दगडी पायवाट, पावसात घसरून म्हाताऱ्या माणसांचे हातपाय मोडतात अशी. निधी होता, ठराव होता, अंदाजपत्रक झालं होतं. पायवाट ज्या जमिनीतून जाते तिच्या सातबारावर आजोबांपासूनची सामाईक नावं. काही वारले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. राहिलेले हिस्सेदार लालबाग, नालासोपारा, डोंबिवली असे विखुरलेले, एक गुजरातेत. संमतीपत्र सगळ्यांचं हवं. एकाने सही दिली, दुसऱ्याने सांगितलं की भावाने दिली तर मी देतो, आणि भावाशी त्याचं बोलणं नाही. सरपंच स्वतःच्या खर्चाने मुंबईला जाऊन आले. आर्थिक वर्ष संपलं, काम झालं नाही. त्याच शिमग्याला त्याच वाडीच्या ग्रुपवर मेसेज पडला की पाखाडीचे पैसे खाल्ले.

विहिरीला जागा, टाकीला जागा, अंगणवाडीला जागा, सगळीकडे हीच गत. आमच्याकडे सरकारी मोकळी जागा फारशी नाही, खाजगी आहे आणि ती हिश्श्यांत अडकलेली आहे. शिवाय किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीतल्या बांधकामांवरचे निर्बंध. तिथे ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हातात असला तरी ती बांधकामाची परवानगी होत नाही. मनात आणून सुटणारे हे प्रश्न नाहीत.

“ग्रामसभा नुसती सह्यांपुरती.”

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याला जबाबदार आपण आहोत. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. रिवाजाने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्याआधी महिलांची सभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला की निम्मी माणसं उठतात, कारण शेतीची कामं असतात, कारण “आपलं कोण ऐकतंय”. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग राहिलेल्या पंधरा-वीस जणांत घरकुलाचे लाभार्थी ठरतात, आराखड्याला मान्यता मिळते. ज्यांना गैरव्यवहार करायचा असतो त्यांना रिकामं सभागृहच हवं असतं. हा मेसेज ते फुकटात रिकामं करून देतो.

“घरपट्टी भरू नका.”

हे सगळ्यांत घातक. एप्रिलमध्ये आमच्याकडे पंपाची मोटर जळली होती. टँकर यायला अवकाश होता, दुरुस्ती लगेच हवी होती आणि हातात पैसा होता तो फक्त ग्रामनिधीत, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतून जमलेला. तो तुटपुंजा, कारण थकबाकी मोठी. रिवाइंडिंगवाल्याचं आधीचंच बिल बाकी होतं, तो म्हणाला आधीचे द्या. शेवटी वाडीत वर्गणी काढली. ज्यांनी पट्टी भरली होती त्यांनीच वर्गणीही दिली.

वित्त आयोगातून पगार भागत नाही हे वर सांगितलं. मग सकाळी उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पाणीवाल्याला कशातून देणार? रस्त्यावरच्या दिव्याचा बल्ब, विहिरीतलं टीसीएल, दाखल्याचा कागद, सगळं याच पैशातून. याच उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. वसुली शून्य झाली तर हे टक्केही शून्याचे. सरपंचाचं त्याने फारसं अडत नाही, गावातल्या दिव्यांग मुलाची मदत थांबते.

आकारणी चुकली असेल तर हरकत घ्या. जुनं मातीचं घर चिरेबंदी दाखवलं असेल, पडकी पडवी क्षेत्रात धरली असेल, तर लेखी अर्ज करून नमुना ८ दुरुस्त करून घ्या. तो तुमचा हक्क आहे. न भरणं हा त्यावरचा उपाय नाही. थकबाकी वर्षानुवर्षं साचते, आणि उद्या तुम्हालाच निवडणुकीला उभं राहायचं झालं तर ती आडवी येते, कारण थकबाकीदार सदस्यत्वाला अपात्र ठरतो.

“मुंबईकरांना गावात विचारतो कोण?”

ज्यांचं नाव गावच्या मतदार यादीत आहे, ते ग्रामसभेचे सदस्य आहेत. मत मुंबईत असेल तर ग्रामसभेत मतदान करता येणार नाही, हे खरं. पण घरपट्टी भरता येते, माहिती मागता येते. आणि सातबारावरच्या त्या संमतीपत्रावर सही तर तुमच्यावाचून दुसरं कोणी करूच शकत नाही. वारसनोंद राहिली असेल तर या सुट्टीत तलाठ्याकडे जाऊन ती करून घ्या, कितीतरी पाखाड्या आणि विहिरी त्या एका नोंदीपाशी अडून बसल्या आहेत.

अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वर्षाची पहिली ग्रामसभा एप्रिल-मे या दोन महिन्यांत घ्यावी लागते. त्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणाचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं ठेवणं पंचायतीवर बंधनकारक आहे. चाकरमानी मोठ्या संख्येने गावात असतात ते याच दिवसांत. आंबे आहेत, लग्नं आहेत, देवाची कामं आहेत, मान्य. पण १ मेची सकाळ मोकळी ठेवा, आणि शेरे वाचून दाखवले नाहीत तर उभं राहून ते वाचायला सांगा.