खुलासा: एअर सप्लायचं ते गाणं ना जुनं, ना ग्रॅहम रसेलचं

एअर सप्लाय या ऑस्ट्रेलियन बँडच्या १९८३ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या गाण्यांच्या संग्रहाबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय (त्यातला ग्रॅहम रसेल म्हणजे बँडचा गीतकार): ‘यात सगळी जुनीच गाणी आहेत, आणि ‘मेकिंग लव्ह आउट ऑफ नथिंग ॲट ऑल’ हे ग्रॅहम रसेलनं लिहिलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.’ यातलं एकही विधान बरोबर नाही.

हे गाणं आधीच्या कुठल्याच अल्बमवर नव्हतं. या संग्रहासाठीच ते नव्यानं ध्वनिमुद्रित झालं. ते लिहिलं आणि त्याची निर्मिती केली अमेरिकन संगीतकार जिम स्टाइनमननं. ऐकतानाच कळतं म्हणा: हळूच पियानोवर सुरुवात, मग एकेक पायरी चढत शेवटी ढोल-गिटारचा नुसता गडगडाट. रसेलची गाणी इतकी आदळआपट करत नाहीत. पियानोवर रॉय बिटन आणि ड्रम्सवर मॅक्स वाइनबर्ग, दोघेही अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधले.

बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, गाणं दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. गंमत पाहा, वर ठाण मांडून बसलं होतं बॉनी टायलरचं ‘टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट’, आणि तेही स्टाइनमनचंच! म्हणजे घरच्यानंच घरच्याला अडवलं. एअर सप्लायचं तिथे पहिलं आलेलं गाणं एकच, १९८१ चं ‘द वन दॅट यू लव्ह’. ते मात्र खरोखर रसेलचं.

आणि हो, ग्रॅहम रसेल आणि बँडचा गायक रसेल हिचकॉक भाऊ नाहीत. एकाचं आडनाव, दुसऱ्याचं नाव, एवढंच.