विमान जमिनीवर ‘पळवणाऱ्या’ पायलटांचा मेसेज, आणि आत्याचा पट्टा

चार-पाच दिवसांपासून जालना, बीड, परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘विमान जमिनीवर पळवणाऱ्या पायलटांपासून सावधान!’ जालन्याच्या आमच्या आत्याला तो तीन ठिकाणांहून आला. ती औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) चिकलठाणा विमानतळावरून पहिल्यांदाच दिल्लीला निघालीय. तिनं विचारलं, “विमान धावपट्टीवरून वळलं की पट्टा काढून दारापाशी जायचं का रे?” म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजचं म्हणणं असं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चाकांवर चालत असताना, ताशी २० किलोमीटरच्या वर जाणं हा गुन्हा आहे. मोबाईलवर वेग मोजा आणि व्हिडिओ काढा. पायलटांमध्येच यावर भांडणं आहेत, म्हणजे नियमच नाही. वेळ आणि इंधन वाचवायला कंपन्या पळवायला लावतात. १९९३ चा औरंगाबादचा अपघात असाच झाला. एक इंजिन बंद ठेवून चालवतात ते बिघाड लपवायला. आणि उतरल्यावर ब्रेक पेटतात, तेव्हा पट्टा काढून दाराकडे सरका, पुढचाच वाचतो.

आधी कायदा मोडला म्हणायचं आणि पुढे नियमच नाही म्हणायचं. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी पुन्हा वाचायचा होता.

२० किलोमीटरचा कायदा कुठेही नाही. सगळ्या विमानांना लागू होईल असा एक आकडाच नाही. वेग ठरतो विमान बनवणाऱ्याच्या पुस्तकातून, त्यावर एअरलाइनच्या मॅन्युअलमधून, आणि एखाद्या विमानतळानं एखाद्या पट्ट्यापुरती मर्यादा घातली असेल तर तिच्यातून. चिकलठाण्याला येणारी बरीचशी विमानं एअरबस ३२० च्या घराण्यातली. त्यांना सरळ टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या-यायच्या रस्त्यावर, ३० नॉटपर्यंत मुभा आहे, काटकोनातल्या वळणाला १० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा हे झाले साधारण ५५ आणि १८. बोइंग ७३७ चं पुस्तक नेहमीसाठी २० नॉटच्या आसपास म्हणतं, लांब सरळ रस्ता असेल तर ३० चालतात, वळणाला तिथेही १०. म्हणजे सरळ रस्त्यावर मोबाईलवर ५० दिसले तर पायलट मर्यादेत आहे. जालना रोडवर याहून जोरात मोटरसायकली जातात.

आता मोबाईलवर ९० दिसले तर? मोठ्या विमानतळांवर धावपट्टीतून तिरपे फुटणारे रस्ते असतात, शक्यतो ३० अंशांच्या कोनात. उतरलेल्या विमानानं धावपट्टी लवकर मोकळी करावी म्हणून ते बांधतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये मोठ्या धावपट्ट्यांसाठी अशा रस्त्याचं डिझाइन ताशी ९३ किलोमीटरचं धरलंय, आणि तेसुद्धा पृष्ठभाग ओला असताना. वळताना ९० दिसले म्हणून दिल्लीला व्हिडिओ काढाल, तर तुम्ही त्या रस्त्याचा ठरवून दिलेला वापर चित्रित केला असेल, एवढंच.

पायलटांमध्ये मतभेद आहेत, हे खरं. पण ते कशावर आहेत हे मेसेजवाल्याला ठाऊक नाही.

एअरबस ३२० हलकं असेल तर इंजिनं आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी जोरावर, असतानाही ते आपसूक वेग घेत जातं. ३२० च्या ‘निओ’ या नव्या प्रकारातल्या इंजिनांत हे जास्त जाणवतं. म्हणजे पायलट ‘पळवत’ नसतो, विमान पळू बघतं आणि त्याला ते आवरायचं असतं. आता आवरायचं कसं? आजच्या बहुतेक जेट विमानांचे ब्रेक कार्बनचे. त्यांची झीज किती जोरात दाबला यापेक्षा किती वेळा दाबला यावर जास्त ठरते. म्हणून एक पंथ सांगतो: ३० नॉटपर्यंत जाऊ द्या, मग एकदाच नीट दाबून १० वर आणा, पाय काढा, परत जाऊ द्या. एअरबसची शिकवणही हीच. दुसरा पंथ म्हणतो, १५ ते २० च्या पुढे जायचंच नाही. कॅबिन क्रू तेव्हा उभं राहून पट्टा कसा लावायचा ते दाखवत असतो, काँक्रीटच्या फरश्यांचे सांधे नोजव्हीलला, म्हणजे नाकाखालच्या चाकाला, ठोकत असतात, आणि मध्येच सामानाचा ट्रॅक्टर आडवा आला तर थांबायला जागा हवी. ऑटोब्रेकच्या, म्हणजे उतरताना आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या, सर्वांत सौम्य पातळीइतकाच ब्रेक मारला तर ३० नॉटवरून थांबायला ७० मीटर लागतात, २० वरून ३१, आणि १० वरून आठसुद्धा लागत नाहीत. पण या सावध पंथाचा ब्रेकवर पाय जास्त वेळा जातो, ब्रेक तापतात, आणि ३२० च्या ब्रेकचं तापमान ३०० अंशांच्या वर असेल तर उड्डाण थांबवून ते निवू द्यावे लागतात.

दोन्ही बाजूंना आपापला हिशेब आहे. वळणाबद्दल मात्र दोन्ही पंथ एकच बोलतात. २५ मीटर त्रिज्येच्या वळणाला १० नॉटवर बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ११ टक्के असतो. २० नॉटवर तो दुप्पट नाही, चौपट होतो. त्यात पाऊस पडलेला असला की नोजव्हील वळलेलं राहतं आणि विमान मात्र सरळ घसरत जातं. फरसबंदीच्या पलीकडे आपली काळी माती. पावसाळ्यात तिच्यात रिकामी बैलगाडी रुतते, हे तर साठ टनांचं धूड.

इंधन आणि वेळेच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. उशीर झालेला असला की हात सैल सुटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. समांतर टॅक्सीवे नसलेल्या छोट्या विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच उलटं चालत टोकापर्यंत जावं लागतं, त्याला बॅकट्रॅक म्हणतात. तेवढा वेळ धावपट्टी अडते, वर दुसरं विमान घिरट्या घालत असतं, म्हणून तिथे पायलट वेग ठेवतात. धावपट्टी रुंद आणि सरळ असते, तेव्हा ते गैरही नाही. पण टोकाला १८० अंशांत वळायचं तेव्हा ५ ते ८ नॉटच. आणि एअरलाइनकडे उड्डाणाचा डेटा जातो, त्यात टॅक्सीचा वेगही असतो. मर्यादा ओलांडली तर खिडकीतल्या व्हिडिओची गरज पडत नाही. वजनदार विमान लांबवर जोरात चालवलं तर टायर तापतात, हेही खरं. ११ जुलै १९९१ ला जेद्दाहून निघालेल्या डीसी-८ चा टायर उड्डाणाच्या धावेत फुटला, आग लागली आणि २६१ जण गेले. पण तिथे मूळ दोष टायरमध्ये हवा कमी असण्याचा होता. त्यामुळे शेजारच्या टायरवर भार गेला आणि तो टॅक्सीतच तापून कमकुवत झाला. मेसेजमध्ये हवेबद्दल चकार शब्द नाही.

१९९३ बद्दल मात्र राग येतो. इथल्या माणसांच्या आठवणीतला अपघात, आणि तोही खोटा करून वापरायचा? २६ एप्रिल १९९३, इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७, उड्डाण ४९१. विमान टॅक्सी करत नव्हतं, उड्डाण घेत होतं. धावपट्टीच्या पलीकडून जाणाऱ्या बीड रोडवर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्याला धडकला, पुढे ते विजेच्या उच्चदाब तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशी न्यायालयानं दोन कारणं दिली: पायलटांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि उड्डाणाच्या वेळांत बीड रोडवरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही. टॅक्सीच्या वेगाचा यात संबंध कुठे? त्या अपघातातून आपण विचारायचा प्रश्न धावपट्टीच्या टोकाच्या रस्त्याचा आहे. तो सोडून लोकांना मोबाईलवर आकडे बघायला बसवलंय.

जमिनीवरचे सर्वांत मोठे अपघातही टॅक्सीच्या वेगामुळे झालेले नाहीत. १९७७ ला टेनेरिफला ५८३ माणसं गेली, कारण एक जंबो धुक्यात अजून धावपट्टीवर होतं आणि दुसऱ्यानं परवानगीशिवाय उड्डाण सुरू केलं. २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर एक छोटं विमान धुक्यात चुकीच्या टॅक्सीवेनं धावपट्टीवर आलं. ही विमानं नको तिथे होती. हळू असती तरी तिथेच असती.

एका इंजिनावरची टॅक्सी म्हणजे साधी इंधनाची बचत. उतरल्यावर इंजिन तीनेक मिनिटं आयडलवर निवू देतात आणि मग एक बंद करतात. निघताना दुसरं वेळेत चालू करून गरम होऊ देतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता आत्याचा प्रश्न. उतरल्यावर ब्रेक तापतात, हे खरं. थांबल्यावरही काही मिनिटं तापमानाचा आकडा चढतच राहतो, कारण आतली उष्णता सेन्सरपर्यंत हळूहळू पोचते. त्यासाठी चाकात वितळणारी बुचं असतात. चाक फार तापलं की ती वितळतात आणि टायर फुटण्याऐवजी त्यातला नायट्रोजन निघून जातो. म्हणजे तापलेल्या चाकाचा विचार आधीच झालेला आहे. चालत्या विमानात उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार कोणी करायचा? पायलटनं ताशी ५५ किलोमीटरच्या वेगात करकचून ब्रेक मारला तर विमान तीन-चार सेकंदांत थांबतं. एसटीत असा ब्रेक लागला तर दांडी तरी हाताशी असते. इथे हात वर, कप्पा उघडा, आणि सात किलोची बॅग पुढच्या रांगेतल्या म्हातारीच्या डोक्यावर.

आणि दाराशी पोचून करणार काय? इंजिनं चालू असतात, पुढून ओढतात, मागे झोत फेकतात. कुठलं दार उघडायचं ते बाहेर बघून क्रू ठरवतो. वाट अडवून उभी असलेली गर्दी त्यालाच आडवी येते. ‘पुढचाच वाचतो’ म्हणणाऱ्यांनी २ जानेवारी २०२४ चं टोकियोचं हानेदा आठवावं. धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस ३५० धडकलं. तटरक्षक विमानातले पाच जण गेले. पेटलेल्या ३५० मधले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरीही. लोक सामान सोडून, क्रू सांगेल त्या दाराकडे गेले.

तेव्हा आत्या, विमान वळलं तरी बसून राहायचं, मध्येच थांबलं तरी बसायचं. बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, मोकळा नसला की विमान थांबतं, आणि नेमकी तेव्हाच अर्धी माणसं उठतात. बे आला की समोरचा माणूस हातातल्या काठ्या डोक्यावर फुली करून धरतो, पार्किंग ब्रेक लागतो, इंजिनाची घरघर उतरत जाते, ‘टिंग’ वाजून पट्ट्याचा दिवा विझतो. विमानाच्या पोटाखाली एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो इंजिनं बंद झाल्यावर मालवतात. चाकाला ठोकळे लावायला, सामान उतरवायला आलेली पोरं तो मालवेपर्यंत लांब उभी असतात. रोज तिथेच काम करणारी ती पोरं थांबतात, मग तुला कसली घाई?