हेडलाइटचा फ्यूज सारखा उडतोय? मोठा फ्यूज हा उपाय नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. गाडीच्या हेडलाइटचा फ्यूज सारखा उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी ३० चा टाका, कंपन्या मुद्दाम नाजूक फ्यूज देतात. फ्यूज हाताशी नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळा. तरीही भागलं नाही तर अर्थिंग (दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा) घट्ट करा, नाहीतर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. यातल्या पहिल्या दोन सल्ल्यांनी गाडी पेटू शकते, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

फ्यूज नाजूक नसतो, हिशेबाने दिलेला असतो, आणि तो बल्ब वाचवायला नाही, वायर वाचवायला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत एच४ बल्ब असतो: अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. म्हणजे १२ व्होल्टवर एका बल्बला ५ अँपिअरच्या आसपास करंट. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज असेल तर १० चा लाल फ्यूज आरामात पुरतो. तोही उडत असेल तर बल्बला न लागणारा करंट कुठेतरी वाहतोय.

समजा, सोललेली वायर पत्र्याला अर्धवट टेकतेय आणि २० अँपिअर खेचतेय. १० चा ब्लेड फ्यूज दुप्पट करंटला फार तर ५ सेकंदांत तुटतो. ३० चा हिरवा फ्यूज तुटणारच नाही, कारण २० अँपिअर त्याच्या मर्यादेत बसतात. मग तापते ती वायर, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: ५ चे २० झाले की सोळापट. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण मऊ पडतं, एकाच टेपखालच्या शेजारच्या वायरी उघड्या पडतात, आणि दोनशे रुपयांत होणारं काम पूर्ण वायरिंग किटवर जातं. हे आग लागली नाही तर. चंदेरी कागदाला तर किती करंटला तुटायचं याचं कसलं रेटिंगच नाही.

मेसेजमध्ये नसलेलं, पण खरं असलेलं एक कारण म्हणजे बाजारातले १००/९० वॅटचे बल्ब. दोन्ही दिवे एकाच १५ च्या फ्यूजवर असतील तर ९० वॅटच्या जोडीला डिपरवरच १५ अँपिअर लागतात. बल्ब बदलल्यापासून फ्यूज उडायला लागला असेल तर कंपनीच्या वॅटचे बल्ब परत लावा, विषय मिटला.

आता अर्थिंग. सैल किंवा गंजलेल्या अर्थमुळे रोध वाढतो, म्हणजे करंट कमी होतो. दिवा मंद जळेल, अप्पर दिल्यावर भलताच दिवा मिणमिणेल, पण त्याने फ्यूज उडत नाही. अर्थ साफ जरूर करा, या दुखण्यावरचा इलाज म्हणून नको.

रिलेने स्विचवरचा भार कमी होतो, शॉर्ट (करंट बल्बला वगळून थेट पत्र्यात जाणं) बरा होत नाही. उलट घाईत बसवलेल्या रिलेची वायर बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय घेतलेली असते. जुन्या फ्यूजमधून मग फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो. फ्यूज उडायचा थांबतो, शॉर्ट मात्र तसाच राहतो, आता बिनफ्यूजच्या वायरीवर.

मग शोधायचं कसं? उडालेला फ्यूज उजेडात धरून पाहा. आत काळा डाग, धातूचे शिंतोडे असतील तर बहुधा थेट शॉर्ट. पट्टी मधोमध नीट वितळली असेल तर जास्तीचा भार. उडतो कधी, हेही बघा. फक्त अप्परवर उडत असेल तर अप्परची वायर किंवा बल्ब. खड्ड्यात किंवा स्टिअरिंग वळवताना उडत असेल तर घासलेली वायर. पावसातच उडत असेल तर कपलरमध्ये (बल्बच्या मागे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी.

त्यानंतर दोन्ही हेडलाइटचे कपलर काढा आणि फ्यूजच्या जागी दोन वायरींनी इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा. कपलर काढायला विसरू नका. हेडलाइटच्या बल्बमधल्या थंड फिलामेंटचा (तारेचा) रोध इतका कमी असतो की वायरिंग चांगलं असूनही हा इंडिकेटरचा बल्ब लख्ख पेटतो आणि माणूस नसलेला शॉर्ट शोधत बसतो. कपलर निघालेले असताना दिवे चालू करून तो पेटला, तर शॉर्ट वायरीतच आहे. करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वायरिंग हलवत निवांत शोधता येतं: बॅटरीचा ट्रे, रेडिएटरची फ्रेम, स्टिअरिंगखालचा भाग, उंदरांनी कुरतडलेल्या जागा. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर आधी हेडलाइटच्या ब्रॅकेटमागे बघा, तिथे वायर चिमटलेली असू शकते. जिथे हात लागताच बल्ब मिचकावतो, ती जागा. पेटलाच नाही तर योग्य फ्यूज लावून एकेक कपलर जोडा. ज्याने फ्यूज उडेल, त्या बाजूचा बल्ब किंवा होल्डर खराब.

ज्या नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल मॉड्यूलवर चालतात, तिथे हे घरी करू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर जोडा, जोडावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, वायर धारदार कडेपासून दूर बांधा, आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर छापलेल्या आकड्याचाच फ्यूज लावा.