‘रक्तातच दारू आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. देशाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्ज गावात फुटपाथवर बसलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी, माणसांचा फोटो आणि खाली चार वाक्यं: हे सगळेच दारुडे, ते त्यांच्या रक्तातच आहे, सरकार यांना फुकट पोसतं, कितीही करा सुधारणार नाहीत. मी याच गावात राहते. आपली शिकलीसवरली माणसं हे पुढे ढकलतात याचा मला राग येतो. म्हणून एकेक वाक्य घेते.

आधी ‘सगळेच’. दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण ॲबोरिजिनल लोकांत बाकीच्या ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे, हे अनेक राष्ट्रीय पाहण्यांत दिसलंय. जे पितात त्यांच्यात बेताल पिणारे जास्त आहेत आणि त्यातून होणारे आजार, मारहाण, मृत्यू भयंकर आहेत. ते मी झाकणार नाही. पण न पिणारी आजी घरी नातवंडं सांभाळत असते, ती फोटोत कुठून येणार?

‘रक्तात’ या शब्दाला शास्त्राचा काडीचा आधार नाही. कारण शोधायचंच असेल तर बालपणात शोधा. कोठडीत झालेल्या ॲबोरिजिनल लोकांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, १९९१ साली अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या ९९ मृतांपैकी ४३ जणांना लहानपणीच घरच्यांपासून तोडून सरकारी किंवा मिशनऱ्यांच्या ताब्यात नेलं होतं.

‘फुकट पोसतं’ हे मला सगळ्यात झोंबलं. १९६६ साली वेव्ह हिलच्या स्टेशनवरून (इथे गुरं पाळायच्या अफाट मोठ्या रानाला ‘स्टेशन’ म्हणतात) व्हिन्सेंट लिंगियारी आणि त्यांच्या गुरिंजी या ॲबोरिजिनल समाजातले सुमारे २०० जण, गुराखी, घरकामाच्या बायका, पोरंबाळं काम टाकून चालते झाले. अशा स्टेशनांवर मजुरी म्हणजे मुख्यतः पीठ, साखर, चहा, मांस आणि तंबाखू. तंबाखू, तीही मजुरीत! क्वीन्सलंडमध्ये तर कित्येकांचे पगार सरकारच ठेवून घ्यायचं. त्याबद्दल २०१९ साली सरकारला १९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. ते पैसे कमावणारे कितीतरी जण तोवर मातीआड गेले होते.

आता ‘सुधारणार नाहीत’. इथून ३०० किलोमीटरवर युएन्डुमू नावाचं वार्लपिरी लोकांचं गाव आहे. १९९४च्या सुमारास तिथली पोरं पेट्रोल हुंगत होती. कापलेल्या डब्यात बोटभर पेट्रोल घ्यायचं, डबा नाकाशी धरायचा आणि तसंच गावभर फिरायचं. सरकारची वाट न पाहता गावच्या वडीलधाऱ्यांनी ही पोरं माउंट थिओला नेली. दीडएकशे किलोमीटर आत, पेट्रोलपासून लांब. तिथे त्यांना शिकारीला नेलं, आपल्या गोष्टी सांगितल्या, जवळ निजवलं. गावात मागे राहिलेल्यांसाठी खेळ आणि डिस्को सुरू केले. काही वर्षांत युएन्डुमूतलं हुंगणं थांबलं.

पुढे २००५पासून ओपल नावाचं, नशा न देणारं पेट्रोल दुर्गम भागांत आलं. २०१४पर्यंत, पाहणी झालेल्या गावांत हुंगणारे जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटले. तीच माणसं, तेच ‘रक्त’, बदललं ते पंपावरचं पेट्रोल. तरी काही पंपवाले ओपल ठेवायला तयार नव्हते, म्हणून २०१३ साली कायदा करावा लागला. त्यांचा फोटो कोणी फिरवला नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग गावात तर वर्षभरात १३ आत्महत्या झाल्यावर बायकाच उभ्या राहिल्या. तिथल्या ॲबोरिजिनल पुढारी जून ऑस्कर आणि त्यांच्या सोबतिणींनी २००७ साली हलकी बिअर सोडून बाकी दारू विकत घेऊन घरी न्यायला बंदी आणवली, दारूविक्रेत्यांचा आणि गावातल्याच काहींचा विरोध अंगावर घेऊन. आपल्याकडची ‘आडवी बाटली’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना या बायकांची हिंमत वेगळी सांगायला नको. बंदीने सगळं सुटलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. दारूने पोटातच इजा झालेल्या बाळांसाठी त्यांनी पुढे तपासणी आणि उपचारांचं काम उभं केलं.

उलट नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमच्या ॲलिस स्प्रिंग्जच्या प्रांतात, २०१८ साली दारूला किमान दर लावला होता, दर प्रमाणित पेयामागे, म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलमागे, १.३० डॉलर. खोक्यातली स्वस्त वाइन महाग झाली. २०२५ साली सरकारनेच तो दर काढून टाकला. मग कोण सुधारत नाही?

मागे पाहुणे आले म्हणून मी दारूच्या दुकानात गेले होते. दारात पोलीस उभा होता. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने ओळखपत्र मागितलं, कुठे राहता विचारलं, कुठे बसून पिणार विचारलं. त्यांनी खिशातून कागद काढून पत्ता दाखवला, मुलीकडे जेवण आहे म्हणाले. कागदाची घडी उलगडताना त्यांचे हात थरथरत होते. माझी पाळी आली तेव्हा पोलीस बाजूला सरला. मी आत जाऊन काउंटरवर ओळखपत्र दाखवलं आणि दोन बाटल्या घेऊन बाहेर आले. कुठे पिणार हे मला कोणीही विचारलं नाही.