शाळेला फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर शाळेचं होत नाही

शिक्षकांच्या ग्रुपवर हा मजकूर वर्षातून दोनतीनदा तरी फिरतोच: "कंपन्या गरीब देशांतल्या शाळांना विंडोज, ऑफिस फुकट देतात, मग लिनक्सचा हट्ट कशाला? मुलांना नोकरीत तेच लागणार. आणि लिनक्स बिघडलं तर बघणार कोण?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी, कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी प्रणाली. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना शाळांचं भलंच हवं असतं, म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी 'फुकट'चं बघू. देणगीत मिळतो तो वापरायचा परवाना, ठरावीक मशीनपुरता आणि बऱ्याचदा ठरावीक मुदतीपुरता. मी एका शाळेत संगणक शिकवत होतो, तेव्हा अशाच एका सॉफ्टवेअरची मुदत दिवाळीच्या सुट्टीत संपली. सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलीने अर्धा टाइप केलेला निबंध उघडला. दिसत होता, पण पुढे एक अक्षर उमटेना. "सर, निबंध तर माझाच आहे ना?" तिने विचारलं. नूतनीकरणाचे पैसे शाळेकडे नव्हते आणि देणगीदार फोन उचलेना.

मुदत नसली तरी सुटका नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नियमित पाठबळ थांबलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकातच असावी लागते आणि शाळांना दानात येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये ती बहुतेकदा नसते. त्याच मशीनवर हलकं लिनक्स बिनतक्रार चालतं. सवय लावण्यामागचा हिशेबही लपलेला नाही. लोक आमचंच सॉफ्टवेअर चोरोत, चटक लागली की पुढच्या दशकात वसुलीचं बघू, अशा अर्थाचं बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलून गेले होते.

नोकरीचं म्हणाल, तर पाचवीतलं मूल नोकरीला लागेपर्यंत दहाबारा वर्षं जातात. ऑफिस २००७ आलं तेव्हा जुने मेनू पाठ केलेले लोक बटणं शोधत बसले. बेरजेचं सूत्र ज्याला कळलंय त्याला एक्सेल काय, लिबरऑफिस हा ऑफिसचा मुक्त पर्याय काय, सारखंच.

"बघणार कोण?" याचं उत्तर केरळने दिलंय. तिथला आयटी अॅट स्कूल प्रकल्प २००१च्या सुमारास विंडोजवरच सुरू झाला होता. शिक्षक संघटनांनी हरकत घेतली आणि काही वर्षांत सरकारी शाळा पूर्णपणे मुक्त, म्हणजे लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरवर आल्या. बाहेरचा ठेकेदार न बसवता शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवलं. आज काइट ही तिथली सरकारी संस्था उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारित स्वतःची आवृत्ती काढते. त्यात अभ्यासक्रमाला लागणारे जिओजेब्रा (गणितासाठी), जिम्प (चित्रांसाठी) असे प्रोग्राम आधीच भरलेले असतात आणि ते मल्याळममध्ये वापरता येतात. यातून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा २०१९ मध्ये केला गेला. मला पैशांपेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिथला शिक्षक तीच आवृत्ती पेनड्राइव्हवर मुलाला घरी देऊ शकतो, कुणाची परवानगी न मागता.

आपल्याकडे एक तक्रार हमखास येते: "लिनक्सवर मराठी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो." खरंय, दिसतो. पण ती फाइल युनिकोडआधीच्या, म्हणजे मराठी अक्षरांना सगळीकडे चालणारे ठरलेले क्रमांक मिळण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवर उघडून बघा, तिथेही हाच चिवडा दिसेल.