राजगडावरचा शनी

भांडण लागलं ते शनीवरून. मास्तरांच्या शाळेचं विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक बंड्या करून देतोय. त्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यामागे कड्यांसकट भलामोठा शनी उगवला होता. मोबाइलवर बघून आम्ही सगळे ‘वा!’ म्हणालो. मास्तर तेवढे गप्प.

“पोरं संध्याकाळी हाच शनी शोधत बसतील,” ते म्हणाले. “नुसत्या डोळ्यांना तो ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. मग मी काय सांगू?”

बंड्या म्हणाला, “पण आधी पोरं थांबायला तर हवीत! नॅशनल जिओग्राफिक मासिकाची पिवळी चौकट रद्दीच्या गठ्ठ्यात दिसली तरी नाव न वाचता हात जातो की नाही?”

हे खरंच आहे. मीही तसेच जुने अंक गोळा केलेत.

“त्यांनीच फेब्रुवारी १९८२ मध्ये काय केलं?” मास्तर उसळले. “गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. म्हणून संगणकावर एक पिरॅमिड सरकवून दुसऱ्याजवळ आणला!”

फोटोशॉप यायला तेव्हा आठ वर्षं होती. संपादकांचं म्हणणं होतं, फोटोग्राफर चार पावलं बाजूला उभा असता तर असंच दिसलं असतं. बंड्यालाही ते पटतं. मला नाही पटत. तो तिथे उभा नव्हता, आणि वाचक त्याच्याच डोळ्यांनी बघणार होता. पुढे मासिकानंही चूक मान्य केली.

सुमी मध्ये पडली. “खोटं न बोलताही ओढता येतं. मार्च १९८४ चा अंक आठवा, मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम, म्हणजे त्रिमितीय चित्र! अंक तिरका केला की गरुडाची बाजू बदलायची. लोक तो हलवत बसायचे, आणि आत लेसरवरचा लेख. त्याच लेसरनं होलोग्राम बनतो. म्हणजे मुखपृष्ठ हाच पहिला प्रयोग.”

यावर मास्तरही खुलले.

“आणि जून २०१८?” बंड्या हट्ट सोडेना. “समुद्रात हिमनग, नीट बघितलं तर उलटी प्लास्टिकची पिशवी. तेही जुळवलेलंच ना?”

त्याच महिन्याच्या २३ तारखेला आपल्याकडे प्लास्टिकबंदी लागू झाली होती. भाजीवालीपासून वाण्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पिशवीच होती, म्हणून ते चित्र मला आजही लख्ख आठवतं.

“पण तिथे कुणी फसत नाही रे,” मी म्हटलं. “पिशवी पिशवीच दिसते. जुळवाजुळव लपवलेली नाही. पिरॅमिड सरकवलाय हे मात्र बघणाऱ्याला कळायला वावच नव्हता. तुझा शनी त्या जातीचा आहे.”

बंड्या चहा संपेपर्यंत बोलला नाही. मग मोबाइल मास्तरांपुढे धरला. “शनी काढणार नाही. पण त्याच्याभोवती दुर्बिणीचा गोल काढतो. आणि गडावर, खऱ्या आकाशात, एक ठिपका.”

“ठिपक्याला बाण दाखव,” मास्तर म्हणाले.

“बाण नको, घाण दिसतो!”

बाणावरून पुन्हा जुंपली.