अंधबिंदू, अंगारा आणि साडेचार तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'मेंदूचं काम समजून घेताना आपोआप हात जोडले जातात' या माझ्या वाक्यावर वाशीहून तुम्ही दोन हरकती घेतल्या आहेत. डोळ्यात चक्क आंधळी जागा ठेवणाऱ्या रचनेत देव कसला पाहता, ही पहिली. आणि अशा लिखाणामुळेच लोक लकवा झालेल्या माणसाला दवाखान्याऐवजी अंगाऱ्याकडे नेतात, ही दुसरी.

ती आंधळी जागा, म्हणजे अंधबिंदू, आहेच. आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे आणि त्यांचे चेतातंतू पुढे, त्यामुळे तंतूंना बाहेर पडायला पटलातूनच वाट काढावी लागते आणि तेवढ्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या मागे निघतात, त्याला अंधबिंदू नाही. पण मी लिहिलं होतं ते मेंदूबद्दल, आणि तो इथे काय करतो ते घरी पाहता येतं. कोऱ्या कागदावर फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा ठिपका, आणि ठिपक्यातून जाणारी लांब आडवी रेघ. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका गायब होतो. नाही झाला, तर बहुतेक वेळा नजर नकळत ठिपक्याकडे गेलेली असते किंवा कागद तिरका झालेला असतो. ठिपका गेला तरी रेघ मात्र सलग दिसते. त्या जागेवरून डोळ्याने काहीही कळवलेलं नसतं. आजूबाजूचं पाहून मेंदूने ती भरून काढली, आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही.

जेमतेम १.४ किलोचा अवयव, सुमारे ८६०० कोटी चेतापेशी, त्यांतल्या ८० टक्के एकट्या लहान मेंदूत. हे वाचून देव सिद्ध होतो असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. उत्क्रांतीने जुन्यावरच नवं चढवत नेलं, हे या रचनेतच दिसतं. पण जे आपण घडवलं नाही आणि ज्याच्यावाचून 'मी' म्हणणारा कोणी उरत नाही, त्याच्यापुढे मला कृतज्ञता वाटते. त्या कृतज्ञतेत मला ईश्वर दिसतो. तुम्हाला दिसलाच पाहिजे असा आग्रह नाही.

दुसरी हरकत मला जास्त लागली, कारण असं घडतं. ज्या मेंदूला देवाचं देणं मानायचं तो डोळ्यांदेखत मरू द्यायचा, ही श्रद्धा नव्हे. गुठळीने मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर धरता येईना, बोलणं अडखळलं, यांतलं एकही अचानक दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅननंतर. कारण लकवा गुठळीने झाला की मेंदूतल्या रक्तस्रावाने, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर तो वाढेल. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

घड्याळात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली, तर वेळ उठल्यापासून नाही, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना सांगा. उशीर झालाय असं वाटलं तरी घरी थांबू नका. मोठी वाहिनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीवाटे गुठळी काढता येते. संध्याकाळी घोडबंदर रोडला गाडी किती वेळ अडकते हे ठाणेकरांना माहीत आहे, तेव्हा वाटेत अंगाऱ्यासाठी थांबू नये. कौपिनेश्वराला नारळ नंतर वाढवता येतो.

हा शेवटचा भाग तुमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावायचा असेल तर जरूर लावा. फक्त चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, ते वाशीतल्या रुग्णालयांना आधी फोन करून विचारा आणि त्यांचे नंबर खाली लिहा.